ओझ्याचा भाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हिमालयातल्या एखाद्या मोठ्या ट्रेकचे माहितीपत्रक हातात पडले की आपली नजर आधी फोटोंवर जाते आणि मग शेवटच्या पानावरच्या आकड्यावर. तो आकडा पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'चालायचे आपणच, मग एवढे पैसे कशाचे?' गेली अनेक वर्षे डोंगरांत जाणारी तरुण मंडळी मला हा प्रश्न विचारत आली आहेत. कोणी म्हणते, ही लूट आहे. कोणी म्हणते, अमुक कंपनी हाच ट्रेक निम्म्या पैशांत करून देते. हा प्रश्न आजचा नाही. उंच डोंगरात दुसऱ्याच्या पाठीवर आपले ओझे देण्याचा व्यवहार सुरू झाला, तेव्हापासून तो चालत आला आहे. या व्यवहाराला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय आजचा आकडा महाग की स्वस्त, रास्त की गैर, हे सांगता येत नाही.

या इतिहासाचे मुख्य पात्र म्हणजे शेर्पा. आपल्याकडे हा शब्द 'डोंगरातला हमाल' अशा अर्थाने सर्रास वापरला जातो. खरे तर ते एका जमातीचे नाव आहे. शेर्पा म्हणजे पूर्वेकडचा माणूस. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी ही माणसे तिबेटच्या पूर्व भागातून नेपाळातल्या सोलुखुंबू प्रदेशात येऊन स्थिरावली. बटाटा आणि जव पिकवावे, याक पाळावेत, आणि नांगपा ला ही उंच खिंड ओलांडून तिबेटशी मीठ-धान्याचा व्यापार करावा, असे त्यांचे जीवन होते. शिखरे चढणे हा त्यांचा उद्योग नव्हता. शिखरे ही त्यांच्या लेखी देवांची ठिकाणे होती.

मग ते या धंद्यात आले कसे? पोटासाठी. इंग्रजांनी दार्जिलिंग वसवले. तिथे चहाचे मळे, रस्ते, बांधकामे यांना माणसे हवी होती. सोलुखुंबूतले तरुण रोजगारासाठी दार्जिलिंगला येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर केलास हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ सिक्कीमच्या हिमशिखरांवर जाऊ लागला. युरोपातून वाटाडे आणण्यापेक्षा हे स्थानिक लोक उंचीवर कितीतरी सरस काम करतात, हे त्याच्या ध्यानात आले. १९२१ साली एव्हरेस्टची पहिली ब्रिटिश मोहीम निघाली, तेव्हा शेर्पांची भरती दार्जिलिंगलाच झाली. केलास त्याच मोहिमेत, वाटेवरच वारला.

पुढच्याच वर्षी या व्यवहाराची खरी किंमत पुढे आली. ७ जून १९२२ रोजी जॉर्ज मॅलरी आणि त्याचे साथीदार एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीकडे चढत होते. बर्फ नुकताच पडलेला होता. उतारावरून हिमलोट आला आणि मागच्या दोरांवरचे भारवाहक खालच्या भेगेत फेकले गेले. सात जण मेले. साहेब सगळे वाचले. एव्हरेस्टच्या इतिहासातला हा पहिला मोठा अपघात, आणि मृतांमध्ये शिखरावर जाण्याची हौस असलेला एकही माणूस नव्हता. त्या दिवशी मॅलरीबरोबर असलेल्या डॉ. हॉवर्ड सॉमरवेल यांना ही गोष्ट जन्मभर लागून राहिली. मेलेल्यांत आपल्यापैकी निदान एखादा असता, तर आपण संकटाचे वाटेकरी आहोत हे त्या लोकांना दिसले असते, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले. हेच सॉमरवेल नंतर दक्षिणेत त्रावणकोरमधील नेय्यूरच्या मिशन इस्पितळात राहिले आणि त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

सॉमरवेल यांच्या मनाला जे बोचले, तेच मला या सगळ्या विषयाचे मर्म वाटते. भाव रास्त आहे का, हे आकड्याच्या लहान-मोठेपणावरून कळत नाही. जिथे धोका जातो, तिथे पैसाही जातो का, हे पाहावे लागते. १९२२ साली धोका एकीकडे होता आणि मान, कीर्ती, पैसा दुसरीकडे. त्यानंतरची शंभर वर्षे म्हणजे या दोन गोष्टींमधले अंतर हळूहळू, ओढाताण करत कमी होण्याची कहाणी आहे.

१९२८ साली 'हिमालयन क्लब' स्थापन झाला. आज या क्लबचे मुख्यालय आपल्या मुंबईत आहे. त्या काळी दार्जिलिंगला क्लबचा स्थानिक चिटणीस असे आणि त्याच्याकडे शेर्पांची नोंदवही असे. प्रत्येकाला क्रमांक आणि एक पुस्तिका. मोहीम संपली की साहेबाने पुस्तिकेत शेरा लिहायचा. यामुळे कामाचे दर ठरू लागले, कोणी यावे आणि मनमानी मजुरी द्यावी हे कमी झाले. पण याच पुस्तिकेची दुसरी बाजूही लक्षात घ्या. साहेबाचा शेरा वाईट पडला तर पुढच्या वर्षीचे काम गेले. साहेब कसा वागला, याचा शेरा लिहायची वही मात्र कोणाकडे नव्हती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस क्लबने उत्तम काम करणाऱ्यांना 'टायगर' हा बिल्ला द्यायला सुरुवात केली. टायगर शेर्पाला हिमरेषेच्या वर जादा मजुरी मिळे. उंचीवरच्या धोक्याचा वेगळा मोबदला असतो, हे तत्त्व तिथे कागदावर आले.

ते येण्याआधी आणि आल्यावरही माणसे मरतच होती. १९३४ साली नंगा पर्वतावर वादळात सापडून तीन जर्मन गिर्यारोहक आणि सहा शेर्पा गेले. त्यांतला गायले नावाचा शेर्पा, खाली उतरण्याची ताकद असतानाही, आपल्या नेत्याजवळ थांबला आणि त्याच्याबरोबरच मेला, असे सांगितले जाते. १९३७ साली त्याच पर्वतावर एका रात्रीत हिमलोटाखाली सोळा जण गाडले गेले. सात जर्मन आणि नऊ शेर्पा. १९३९ साली के-टू शिखरावर वरच्या तळावर अडकलेल्या एका अमेरिकन गिर्यारोहकाला आणायला तीन शेर्पा चढून गेले, ते परतले नाहीत. या कथा 'स्वामिनिष्ठा' म्हणून फार सांगितल्या गेल्या. निष्ठा होतीच. पण घरी वाट पाहणाऱ्या बायकामुलांचे पुढे काय, हा हिशेब त्या कथांमध्ये क्वचितच येतो.

१९५० नंतर नेपाळने आपली दारे परदेशी मोहिमांना उघडली आणि २९ मे १९५३ रोजी हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्याच मोहिमेच्या आरंभी काठमांडूत घडलेला प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. ब्रिटिश सदस्यांची सोय त्यांच्या वकिलातीत आणि तेथील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी झाली. शेर्पांना झोपायला वकिलातीतले मोटारींचे गॅरेज दिले गेले. तिथे शौचकूपही नव्हता. सकाळी शेर्पांनी गॅरेजसमोरच्या रस्त्यावरच लघवी करून आपला निषेध नोंदवला. मोहिमेसाठी दिलेले कपडे आणि बूट नंतर आपलेच राहणार की परत द्यायचे, यावरूनही कुरबूर झाली. तेनसिंग दोन्ही बाजूंना समजावत राहिले. हे किरकोळ वाटेल, पण शेर्पांच्या मागणीत मजुरीइतकाच बरोबरीचा मुद्दा होता. पुढे १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेनसिंग तिथे प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. ज्यांनी ओझी वाहिली, त्यांच्यातला माणूस आता गिर्यारोहण शिकवू लागला.

१९५९ नंतर तिबेटच्या सीमेवरचा जुना व्यापार आटला. खुंबूतल्या घरांचे एक मोठे उत्पन्न गेले. नेमक्या याच काळात जिमी रॉबर्ट्स या निवृत्त गुरखा पलटणीच्या अधिकाऱ्याने १९६४ साली काठमांडूत 'माउंटन ट्रॅव्हल' ही कंपनी काढली. शिखर चढायचे नाही, फक्त पायथ्यापर्यंत चालायचे. तंबू, स्वयंपाकी, सरदार, भारवाहक हे सगळे मोहिमेसारखेच, पण ते पैसे देऊन कोणालाही विकत घेता येईल. १९६५ साली त्यांची पहिली गिऱ्हाइके आली, ती तीन अमेरिकन बायका होत्या. आज आपण ज्याला ट्रेक म्हणतो, त्या व्यवसायाचा नेपाळातला जन्म हा असा. १९६४ सालीच हिलरींच्या पुढाकाराने लुक्ला येथे धावपट्टी झाली. ती इस्पितळासाठी सामान आणायला बांधली होती. पुढे ती प्रवाशांचे दार बनली.

आता आजच्या आकड्याकडे येऊ. एव्हरेस्टच्या तळापर्यंतचा ट्रेक घ्या. पैसे जातात कुठे? विमान काठमांडूहून लुक्लाला जाते, पण गर्दीच्या हंगामात बरीच उड्डाणे रामेछापजवळच्या मंथली येथून होतात, म्हणजे आदल्या रात्री चार-पाच तासांचा मोटारप्रवास आला. मग राष्ट्रीय उद्यानाचे आणि स्थानिक पालिकेचे प्रवेशशुल्क. मग रोजचे जेवण आणि मुक्काम, वाटाड्याची रोजी, भारवाहकाची रोजी, दोघांचा विमा आणि कंपनीचा नफा. चालणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते, की जसजसे वर जावे तसतसा चहा महाग होतो. त्यात लबाडी नाही. चहाची पत्ती, साखर, रॉकेल, गॅसचे सिलिंडर यांपैकी काहीच वर पिकत नाही. सगळे खेचरावर, याकवर किंवा माणसाच्या पाठीवर येते. तुम्ही कप हातात घेता, तेव्हा चहापेक्षा वाहतुकीचेच पैसे अधिक देत असता.

ही वाहतूक मी नामचे बाजारच्या चढावर पाहिली आहे. पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर, त्याला नाम्लो म्हणतात. हातात इंग्रजी टी-अक्षरासारखी आखूड काठी, तिला तोक्मा म्हणतात. दम लागला की ही काठी टोपलीखाली टेकवायची आणि उभ्याउभ्याच विसावा घ्यायचा, कारण एकदा ओझे जमिनीवर ठेवले की एकट्याने उचलता येत नाही. मी मोजत होतो. शंभरेक पावले, थांबा, पुन्हा शंभरेक पावले. एका भारवाहकाला मी विचारले, "दाजू, एवढं का उचलता?" तो हसून म्हणाला, "किलोवर पैसे मिळतात." या तीन शब्दांत सारे अर्थशास्त्र आले. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात याच वाटेवरच्या भारवाहकांचा अभ्यास छापून आला. पुरुष सरासरीने आपल्या वजनाच्या ९३ टक्के ओझे वाहत होते. त्यांत आपल्या वजनाहून जास्त ओझे घेणारेही होते.

आणखी एक गोष्ट. ही ओझी वाहणारे बहुतेक जण शेर्पा नसतात. ते खालच्या खोऱ्यांतले राई, तामांग, मगर असतात. नेपाळीत त्यांना भरिया म्हणतात. उंचीची सवय त्यांना आपल्याइतकीच कमी असते. कापडी बूट, पातळ स्वेटर आणि रात्री निजायला जागा नाही, अशा स्थितीत ते आजारी पडतात. १९९७ साली एका तरुण भारवाहकाच्या अशाच मृत्यूनंतर त्यांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. त्याने साधेच आग्रह धरले. ओझे ३० किलोपर्यंत, अंगात उबदार कपडे, निजायला आसरा आणि आजारी पडल्यास प्रवाशाला मिळतील तेच उपचार. हे चारही आग्रह पाळायचे तर पैसे लागतात. म्हणून निम्म्या भावाचा ट्रेक दिसला की मी आधी विचारतो, यातला निम्मा भाव कोणाच्या अंगावरून काढला?

कधीकधी तो गिऱ्हाइकाच्याच खिशातून निघतो. २०१८ साली नेपाळात एक मोठे प्रकरण उघडकीला आले. काही कंपन्या अतिशय स्वस्तात ट्रेक विकत. वर गेल्यावर साधी डोकेदुखी झाली तरी प्रवाशाला घाबरवून हेलिकॉप्टर मागवत आणि विमा कंपन्यांकडून फुगवलेली बिले वसूल करत. सरकारला चौकशी करावी लागली. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार. भाव खोटा असला की त्याची भरपाई कुठून तरी होतेच.

ट्रेकचा हिशेब असा, तर शिखराचा हिशेब त्याहून तीव्र. १९८५ साली डिक बास हा पन्नाशी ओलांडलेला अमेरिकन धनिक वाटाड्यासह एव्हरेस्टवर चढला आणि पैसे असतील तर हेही जमते, हे जगाला दिसले. १९९६ साली, ज्या वर्षी वादळात एव्हरेस्टवर आठ जण गेले, त्या वर्षी एका नामांकित कंपनीचा दर माणशी ६५ हजार डॉलर होता. नेपाळ सरकारचे परवानाशुल्क २०१५ पासून वसंत ऋतूत माणशी ११ हजार डॉलर होते. सप्टेंबर २०२५ पासून ते १५ हजार झाले.

या पैशांच्या उलट बाजूला खुंबूचा हिमप्रपात ठेवा. तळाच्या वरचा हा बर्फाचा तुटता, सरकता उतार. त्यातून शिड्या आणि दोर लावून वाट काढावी लागते. पैसे देऊन आलेला गिर्यारोहक हा टापू शक्य तितक्या कमी वेळा ओलांडतो. त्याचे तंबू, अन्न, प्राणवायूच्या नळ्या वर पोचवणारा शेर्पा मात्र तो पुन्हा पुन्हा ओलांडतो. धोका फेऱ्यांवर मोजला, तर तो पैसे देणाऱ्यापेक्षा मजुरी घेणाऱ्याच्या वाट्याला कितीतरी पट जास्त येतो.

१८ एप्रिल २०१४ रोजी पहाटे या हिमप्रपातावर वरून बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार मेले. १९२२ प्रमाणेच या वेळीही मेलेल्यांत एकही गिऱ्हाईक नव्हते. सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत जाहीर केली, ती ४० हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले २५ हजार. शुल्कापोटी लाखो डॉलर घेणाऱ्या सरकारने हा आकडा काढला, तेव्हा तळावर संताप उसळला. १९५३ साली शेर्पांनी रस्त्यावर निषेध केला होता. २०१४ साली त्यांनी मागण्यांची यादी दिली आणि काम थांबवले. त्या वर्षीचा नेपाळ बाजूचा हंगाम जवळजवळ संपलाच. त्यानंतर उंचीवर काम करणाऱ्यांच्या विम्याची रक्कम दहा लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये झाली. २०२५च्या सुधारित नियमांत ती २० लाख झाली, आपले साडेबारा लाख. त्यांच्या रोजच्या भत्त्याची किमान रक्कम ३५० वरून १,२०० नेपाळी रुपये झाली. म्हणजे त्याआधी जगातल्या सर्वांत उंच कामाचा कायदेशीर किमान भत्ता आपल्या सव्वादोनशे रुपयांच्या आत होता. प्रत्यक्षात चांगल्या कंपन्या याहून बरेच जास्त देतात, बक्षिशी वेगळी. पण कायदा असतो तो चांगल्या कंपन्यांसाठी नव्हे.

या कहाणीला दुसरी बाजूही आहे आणि ती न सांगणे अन्याय होईल. याच व्यवसायाने खुंबूत शाळा, इस्पितळे, घरे उभी केली. शेर्पांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या आणि एव्हरेस्टच्या धंद्याचा मोठा वाटा आज नेपाळी मालकांकडे आहे. कामी रिता शेर्पा २०२५ साली ३१व्यांदा एव्हरेस्टवर पोचले. २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ गिर्यारोहक माथ्यावर पोचले, तेव्हा त्यांच्यामागे लोकवर्गणी होती तशीच शेर्पांची मेहनतही होती. मात्र मालक नेपाळी झाला म्हणून प्रश्न सुटत नाही. आता शेर्पा मालक आणि तामांग किंवा राई भारवाहक यांच्यामध्येही तोच हिशेब उभा राहतो. साहेब बदलतो, ओझे तेवढेच राहते.

मग ट्रेकचा भाव रास्त कधी म्हणावा? मला वाटते, पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. माझे सामान वाहणाऱ्याच्या पाठीवर किती किलो असणार? त्याचा विमा किती रुपयांचा? तो रात्री कुठे झोपणार? तो आजारी पडला तर त्याला खाली कोण नेणार आणि त्या दिवसांची मजुरी त्याला मिळणार का? ज्या कंपनीकडे या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत, तिचा दर चार पैसे जास्त असला तरी तो महाग नाही. जिथे उत्तराऐवजी सवलत मिळते, तिथला दर कितीही कमी असला तरी तो कोणाला तरी महागात पडणार आहे.

दुरून डोंगर साजरे, असे आपण म्हणतो. दुरून हिशेबही साजरा दिसतो, एका आकड्यात आटोपतो. जवळ गेल्यावर त्या आकड्यात माणसे दिसू लागतात. शंभर वर्षांत या माणसांना जे मिळाले, त्यातले फार थोडे कोणी आपण होऊन दिले. बरेचसे त्यांनी मागून, अडून, काम थांबवून मिळवले. निदान आपण जाऊ तेव्हा त्यांना ते मागावे लागू नये, एवढी व्यवस्था आपल्या हातात नक्कीच आहे.